आज फक्त बघायचं

‘ताई, मी ६१ वर्षांचा, निवृत्त, राहणार सुदामानगर, इंदूर. खालची डावी दाढ दिवाळीपासून दुखत होती. गरम चहाचा घोट गेला की दहा-दहा मिनिटं ठणका, रात्री आडवं पडलं की आणखी जास्त. गार पाण्याची चूळ धरून बसलो की बरं वाटायचं. मुलाने दोनदा डॉक्टरांची वेळ घेतली. दोन्ही वेळा दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो, आतून मशीनचा आवाज आला आणि परत फिरलो. घरी सांगितलं, डॉक्टर आले नव्हते. रंगपंचमीनंतर दुखणं आपोआप थांबलं. हिरडीवर एक बारीक पुटकुळी येते-जाते, तेवढंच.

नऊ वर्षांचा असताना धारला एका डॉक्टरांनी “फक्त बघतो” म्हणून तोंड उघडायला लावलं आणि दाढ उपटली. कंपाउंडरने हात धरले होते, वडिलांनी पाय. त्यानंतर त्या खुर्चीत कधी बसलो नाही. मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन मात्र शांतपणे करून घेतलं, मग इथेच काय होतं मला? परवा सहा वर्षांच्या नातवाला किडलेल्या दाढेसाठी न्यायचं होतं. तो रडायला लागला, तर मीच म्हणालो, “काही करत नाहीत रे, फक्त बघतात.” त्या रात्री मला झोप लागली नाही. आता दुखत नाही, तर जायलाच हवं का?

– एक आजोबा’

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, जायला हवं, आणि दुखत नाहीये तोवरच जायला हवं.

दाढेच्या आतला मऊ गाभा, ज्याला आपण सगळे ‘नस’ म्हणतो, तो चहूबाजूंनी कठीण दातात बंद असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो, पण सुजायला जागाच नसते, म्हणून तो ठणका. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. गरमाने कळ आणि गार पाण्याने आराम, हे नस मरायला टेकल्याचं लक्षण मानतात. नस मेली की दुखणं थांबतं, कारण दुखायला तिथे काही उरलेलंच नसतं. कीड मात्र मुळातून खाली हाडाकडे सरकत राहते. तुमची ती येणारी-जाणारी पुटकुळी म्हणजे बहुधा मुळाच्या टोकाशी साचलेल्या पुवाने बाहेर पडायला शोधलेली वाट आहे. वाट मोकळी आहे तोवर दाब साठत नाही. मी डॉक्टर नाही, आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय डॉक्टरही छातीठोकपणे काही सांगणार नाहीत. पण ही दाढ बरी झालेली नाही, एवढं मी नक्की म्हणेन.

माझ्या आईची वरची दाढ अशीच एके दिवशी दुखायची थांबली. आम्ही तेव्हा रामबागेत राहायचो. तिने त्या संध्याकाळी गणपतीपुढे गूळखोबरं ठेवलं. चौथ्या महिन्यात एका रात्रीत गाल इतका सुजला की सकाळी उजवा डोळा उघडेना. मी बशीत चहा दिला तर ओठाला बशीची कड कळत नव्हती, चहा हनुवटीवरून पदरावर ओघळत होता आणि ती म्हणत होती, ‘होईल गं बरं.’ ती वाचली, पण ते आठ दिवस मी विसरलेले नाही. तुमची दाढ खालची आहे, आणि खालच्या दाढेची सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरू शकते. तशी सूज आली, ताप भरला, तोंड पुरतं उघडेना किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर मग भीती, वेळ, मुलाची सवड काही बघायचं नाही, त्याच तासाला रुग्णालयात जायचं.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही विचारलंत, हर्नियाचं ऑपरेशन शांतपणे झालं, मग इथेच काय होतं? पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मला वाटतं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. हर्नियाच्या वेळी कुठे कापणार, भूल कशी देणार, टाके किती दिवसांनी निघणार, हे तुम्हाला आधी सांगितलं असेल, तुमची सही घेतली असेल. धारला नऊ वर्षांच्या मुलाला कुणी काही सांगितलं नाही. खोटं सांगितलं, आणि हात-पाय धरले. दुखणं तर होतंच, पण दुखणं माणूस विसरतो. ‘फक्त बघतो’ हे शब्द तुम्ही बावन्न वर्षं विसरला नाहीत. तुम्हाला फसवलं गेल्याची भीती बसलीय, आणि ती बसणं अगदी स्वाभाविक आहे. ‘एवढा मोठा माणूस आणि दातांना घाबरतो’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे पत्र वाचायला द्या.

आणखी एक सांगते. दात बधिर करायला आजही ज्याची भूल देतात ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं, म्हणजे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी. धारला तुमची दाढ उपटली तेव्हा हे औषध जगात होतं. तुम्हाला ते दिलं गेलं नाही, किंवा दिलं आणि लागू पडायची वाट पाहिली गेली नाही. म्हणजे तेव्हा जे झालं ते दाढ काढताना होतंच असं नव्हे. वडिलांवर मला राग धरवत नाही, पोराचं लवकर उरकून त्याची सुटका व्हावी असंच त्यांना वाटत असणार. तरीही तुमच्याबाबतीत ते चुकलं, आणि चुकलं असं कुणीतरी तुम्हाला म्हणायला हवं होतं.

म्हणून माझा सल्ला असा, की ‘फक्त बघतो’ हे शब्द एकदा खरे करून घ्या. पहिली भेट उपचारासाठी घेऊच नका. फोन तुम्ही स्वतः करा, मुलाला करायला लावू नका. डॉक्टर मराठी असतील तर उत्तम, नाहीतर आपल्या इंदुरी हिंदीत स्पष्ट सांगा: ‘डॉक्टरसाब, मुझे दांत के इलाज से बहुत डर लगता है. पहले दिन सिर्फ देखना है, करना कुछ नहीं.’ यावर पलीकडून कसं उत्तर येतं ते नीट ऐका. ‘अरे अंकल, कुछ नहीं होता, आ जाओ’ असं हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या दवाखान्यात फोन लावा. इंदुरात दातांचे दवाखाने कमी नाहीत, गीताभवनापासून पलासियापर्यंत नुसत्या पाट्या वाचत जा. तुम्हाला हवेत ते ‘ठीक आहे, या, आज फक्त एक्स-रे काढू’ म्हणणारे. आणि त्या दिवशी त्यांनी खरंच तेवढंच केलं, तर निम्मं काम झालं समजा. (एम.वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च कमी येतो, शिकणाऱ्या डॉक्टरांवर प्राध्यापकांची नजर असते. पण तिथे गर्दी असते, ताटकळावं लागतं, आणि ताटकळणं हेच तुम्हाला सोसत नाही. भीती थोडी उतरल्यावर तिथे जायला माझी अजिबात ना नाही.)

वेळ सकाळची पहिली मागा. आधी कुणी नसेल तर मशीनचा आवाज जिन्यात येणार नाही. उपाशी जाऊ नका, रिकाम्या पोटी घाबरलेल्या माणसाला भोवळ लवकर येते. पोहे खा, जिलबी नको. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका, त्यांची यादी खिशात ठेवा आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खुर्चीत बसल्यावर एक गोष्ट ठरवून घ्या, आणि सगळ्यात जास्त मला हीच सांगायची आहे. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. डावा अशासाठी की डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला बसतात, तुमचा हात त्यांच्या हत्याराला लागत नाही. तोंड उघडं असताना माणसाला बोलता येत नाही, म्हणून हा हात. आणि काही दुखत नसतानाही एकदा मुद्दाम वर करून बघा. ते थांबतात ना? हातातलं बाजूला ठेवतात ना? तुमचे हात तेव्हा धरून ठेवले होते भाऊ. आता तुमच्याच हाताने काम थांबतं, हे डोक्याला सांगून पटायचं नाही, हात वर करूनच पटेल.

दुसऱ्या भेटीत बहुधा रूट कॅनाल ठरेल, किंवा दाढ फारच गेली असेल तर काढावी लागेल. जे ठरेल त्याच्या पायऱ्या आधी विचारून घ्या: आता काय करणार, किती वेळ, मला काय जाणवेल. थोडं मी सांगते. इंजेक्शनआधी हिरडीला बधिर करणारा जेल लावायला सांगा, आणि सुई हळू द्यायला सांगा, हळू दिली तर ती कमी लागते. भुलेच्या औषधात बहुतेक वेळा थोडं ॲड्रेनलिन असतं, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. त्याने कधी कधी मिनिट-दोन मिनिटं छातीत धडधडतं. भित्र्या माणसाला वाटतं, झालं, हार्ट अटॅकच. तुम्हाला आधी माहीत असलं की ते ओसरेपर्यंत थांबता येईल. मग अर्धा ओठ जाड आणि परका वाटायला लागतो. तसं वाटेपर्यंत काम सुरू करू देऊ नका. भुलेने दुखणं थांबतं, दाब आणि थरथर थांबत नाही, तेव्हा ‘काहीतरी ढकलताहेत’ असं वाटलं तर ते ठीक आहे, कळ आली तर हात वर करा, भूल वाढवता येते. आणि दाढ पुवाने पेटलेली असताना भूल नीट चढत नाही, म्हणूनच मी म्हणते, आत्ता शांत आहे तर आत्ता जा.

रूट कॅनालमध्ये आतली मेलेली नस बारीक सुयांनी साफ करून त्या जागी मसाला भरतात आणि नंतर वर कॅप बसवतात, दोन-तीन खेपा पडतात. तो किंचाळल्यासारखा आवाज येतो छोट्या चक्कीचा, ती मिनिटाला ३ लाखांच्या आसपास फेरे घेते आणि दाढ तापू नये म्हणून सोबत पाणी उडत असतं. आवाजासाठी कानात काहीतरी लावा. तुम्ही आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांना ऐकता की नाही ठाऊक नाही, पण त्यांच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यासारखं दुसरं औषध मला माहीत नाही. झुमरा तालाचं एक आवर्तन संपेपर्यंत आपला श्वास आपोआप खाली येतो. फक्त एका कानात लावा, दुसरा डॉक्टरांसाठी मोकळा ठेवा. सुई बघून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर अंग सैल सोडू नका, उलट मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळा, सोडा, परत आवळा. त्याने रक्तदाब पडत नाही.

एवढं करूनही खुर्चीपर्यंत पोचता आलं नाही, तर त्यात शरम नाही. गुंगीचं औषध देऊन दातांचं काम करणारे डॉक्टर असतात, आणि अशी भीती पायरी-पायरीने उतरवणारे मानसोपचारतज्ज्ञही. पण तुमच्यासाठी आधी हात वर करून बघू या, असं मला मनापासून वाटतं.

आता नातू. तुम्ही त्याला जे म्हणालात त्याने तुमची झोप गेली, यातच तुमचं मन दिसतं. ते दुरुस्त करायला अजून वेळ आहे. त्याला जवळ घेऊन सांगा, ‘मी तुला चुकीचं सांगितलं. डॉक्टर बघतील आणि किडलेलं साफ करतील. थोडं टोचेल, मग गाल झोपेल. नको वाटलं तर हात वर करायचा.’ धारची गोष्ट मात्र त्याला आत्ता सांगू नका, सहा वर्षांच्या मुलाला ती झेपणार नाही. त्याच्यासोबत पहिल्यांदा त्याची आई जाऊ दे. मुलं आपल्या शब्दांपेक्षा आपला घट्ट झालेला हात आधी ओळखतात, आणि तुमचा हात अजून घट्ट आहे.

वहिनींना धारची गोष्ट माहीत आहे का? पत्रात त्यांचं नावही नाही. ‘डॉक्टर आले नव्हते’ हे तुम्ही त्यांनाही सांगितलं असणार. आज रात्री जेवणं झाल्यावर खरं सांगा, जिन्याचंही आणि कंपाउंडरचंही. त्या रागावतील थोड्या, दोनदा वेळ फुकट गेली म्हणून. रागावू द्या. मग उद्या सकाळी फोन करा आणि त्या दिवशी मुलाला नको, त्यांनाच बरोबर न्या. जिन्यात पाय थांबले तर घाईने परत फिरू नका. तिथेच पायरीवर बसा, त्या शेजारी बसतील. श्वास खाली आला की उठा आणि उरलेल्या पायऱ्या चढा. आज फक्त बघायचं आहे.

तुमची,
ताई