आउटकास्टचे, म्हणजे आंद्रे आणि बिग बॉय या अमेरिकन रॅपर जोडीचे, जुने अल्बम आवडतात, पण 'स्टँकोनिया' नुसता गोंगाट वाटतो. एवढ्या मुरलेल्या जोडीला अचानक नवीन साउंड काहून हवा होता?

भाऊ, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. मी त्यांच्या जुन्या 'एटीएलियन्स' अल्बमवाला माणूस, संथ बेस, रात्री फुटाळा तलावावर बसून ऐकायचं म्युझिक, आणि तेच दोघं 'स्टँकोनिया'तल्या 'बी.ओ.बी.' गाण्यात असे सुटलेत जसं मागे कुत्रं लागलंय. मिनिटाला 150 च्या वर ठोके आहेत त्यात, साधं रॅप 90 च्या आसपास चालतं, वरून चर्चवाला कोरस, ऑर्गन, शेवटाकडे करकरणारी गिटार. आंद्रेवर तेव्हा ड्रम अँड बेस आणि रेव्ह पार्ट्यांच्या फास्ट इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा असर होता. पण गणपती विसर्जनात संदलच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या ढोलांच्या, ठेक्यावर नाचलेल्या नागपूरकराला स्पीडचं काय कौतुक, कौतुक याचं की त्या स्पीडवरही दोघांचा एक शब्द गिळला जात नाही.

'अचानक' मात्र पटत नाही. 1994 मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा पोरं 18-19 वर्षांची, म्युझिक सगळं ऑर्गनाइज्ड नॉइझ या टीमचं. मग हळूहळू स्वतः बीट बनवायला लागले, आणि 2000 च्या 'स्टँकोनिया'पर्यंत आंद्रे, बिग बॉय आणि मिस्टर डीजे या तिघांनीच बहुतेक गाणी केली. (मुरलेली जोडी म्हणतो आपण, तेव्हा दोघं 25 चे होते!)

आणि माझ्या मते खरी गोष्ट आहे स्टुडिओची. अटलांटातला गायक बॉबी ब्राउनचा जुना स्टुडिओ त्यांनी विकत घेतला, त्याचंच नाव स्टँकोनिया ठेवलं. म्हणजे तासाच्या भाड्याचं मीटर बंद. हे किती मोठं आहे ते मला विचारा. मी आणि माझा दोस्त कॉलेजात असताना रॅप करायचो, तासाला 300 रुपयेवाला एक स्टुडिओ होता, दोस्ताला म्हणे संदलचा ठेका घेऊन काहीतरी करायचं, दोनदा करून पाहिलं, जमेना, आणि स्टुडिओवाला दारात उभा राहून घड्याळ पाहतोय. शेवटी यूट्यूबवरचा तयार बीट लावला आणि 20 मिनिटांत मोकळे झालो, गाणं जसं व्हायचं तसंच झालं, रद्दी. तासाचे पैसे मोजणारा माणूस जे आधीच जमतं तेच करतो ना राजेहो.

आता तुमच्या 'गोंगाट'बद्दल. 'मिस जॅक्सन' नीट ऐका. पोराच्या आजीची माफी मागतोय माणूस, आपल्याकडे सासू म्हणावं तर लग्नच झालेलं नाही, आणि मधेच पियानोवर तिकडची नवरीच्या एंट्रीची धून वाजते! असा टोमणा कुणी शब्दांत मारला असता तर इतका लागला नसता. हे गाणं 2001 मध्ये अमेरिकेत एक नंबरवर गेलं, म्हणजे लोकांना काही जड गेलं नाही.

लोक सगळं क्रेडिट आंद्रेला देतात, तो कपडेही तसेच घालायचा म्हणून असेल. पण बिग बॉय ऐका, म्युझिक कुठेही जाओ, हा माणूस ठेक्यावर खुंटा ठोकून बसलेला असतो. तो नसता तर तुमचं गोंगाटवालं म्हणणं मी मान्य केलं असतं.

सुरुवात 'सो फ्रेश, सो क्लीन'पासून करा, ते ऑर्गनाइज्ड नॉइझनेच बनवलंय, तुमच्या ओळखीचं वाटेल. मग 'मिस जॅक्सन', मग 'गॅसोलीन ड्रीम्स', आणि 'बी.ओ.बी.' सगळ्यात शेवटी, तेही मोबाईलच्या स्पीकरवर नका ऐकू बाप्पा, त्यात बेस मरतो आणि फक्त तडतड उरते.

दोस्ताने आता घरीच लॅपटॉपवर सेटअप केलाय. परवा रात्री दीड वाजता त्याने संदलचा लूप पाठवला, खाली लिहिलं, 'घाई नाही.' मी अजून चारच ओळी लिहिल्यात.