'थॅको'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या खेळाचे जुने नियम वाचताना 'थॅको' हा शब्द सारखा भेटतो, त्याचा अर्थ काय? आणि 'आर्मर क्लास', 'राउंड', 'टर्न' यांना मराठीत काय म्हणावं?

थॅको हा आद्याक्षरांचा शब्द. 'टू हिट आर्मर क्लास झीरो' यातल्या पहिल्या चार शब्दांची आद्याक्षरं घेतली आणि शेवटी शून्याचा आकडा ठेवला. रोमन लिपीत तो आकडा 'ओ'सारखा दिसतो, म्हणून उच्चार थॅको. आर्मर क्लास म्हणजे समोरच्याला वार लागणं किती अवघड, ते सांगणारा आकडा. तो शून्य असेल, तर त्याला वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर निदान किती पडायला हवेत, तो हा आकडा. मराठीत तो खुशाल पुल्लिंगी वापरा, फोटो-रेडिओसारखा: माझा थॅको, थॅकोचा, थॅकोनुसार.

आर्मर क्लासला काही जण 'चिलखत गुणांक' म्हणतात. तो मला पटत नाही. गुण म्हटलं की जास्त ते चांगलं, आणि इथे उलटं आहे: अंगावर चिलखत नसेल तर १०, साखळीचं चिलखत असेल तर ५, पुढे शून्य, आणि त्याहून भारी म्हणजे उणे, थेट उणे १० पर्यंत. 'चिलखताचा दर्जा' म्हणा. पहिला दर्जा दुसऱ्याच्या वरचा, हे रेल्वेच्या डब्यांपासून आपल्याला ठाऊक आहेच. उणे दोन दर्जा मात्र कुठल्याच भाषेत धड वाटणार नाही, तो दोष नियमाचा.

हिशेब एका वजाबाकीचा आहे. दुसऱ्या आवृत्तीतल्या चौथ्या पातळीच्या योद्ध्याचा थॅको १७. समोरच्याचा दर्जा ३ असेल तर १७ वजा ३, म्हणजे १४ किंवा जास्त पडले की वार लागला. दर्जा उणे २ असेल तर १७ वजा उणे २, म्हणजे १९. रात्री उशिरा, टेबलाभोवती सगळे ओरडत असताना, ऋण संख्या वजा करायची! त्यात चिन्हांचा घोळ. 'अधिक १' अशी जादूची तलवार फाशाच्या आकड्यात एक वाढवते, पण 'अधिक २' साखळी चिलखत दर्जा ५ वरून ३ वर आणतं. एकाच पानावर 'अधिक' म्हणजे कधी मिळवा, कधी वजा करा. थॅको अवघड म्हणून जी बदनामी झाली ती माझ्या मते या चिन्हांमुळे; वजाबाकी बिचारी साधीच आहे.

मुळात थॅको आला तो सोय म्हणून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्यात आणि पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' अवतारात वार लागला की नाही हे तक्त्यात बघायचं: एका बाजूला लढणाऱ्याची पातळी, दुसऱ्या बाजूला दर्जा. १९७९ साली आलेल्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये हे तक्ते होते, म्हणजे खेळाडूने फासा टाकायचा आणि निकाल खेळ चालवणाऱ्याला विचारायचा. शिवाय कोणतं शस्त्र कोणत्या दर्जावर किती चालतं याचा वेगळा तक्ता होता. तो कित्येक जण सरळ सोडून देत. हे सगळं एका आकड्यात बसवलं थॅकोने. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो अधिकृत झाला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेलाही. तिथे दर्जा चढता झाला, त्यामुळे त्या आवृत्तीपुरता 'गुणांक' शब्द चालेल.

'राउंड'ला फेरी म्हणावं, त्यात अडचण नाही. 'टर्न'ला मात्र पाळी करू नका. 'आता तुझी पाळी' हा अर्थ त्यात नाही. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये एक फेरी एका मिनिटाची आणि दहा फेऱ्यांचा, म्हणजे दहा मिनिटांचा एक टर्न. हे काळाचं माप आहे. ते तसंच ठेवावं. पहिल्या आवृत्तीत फेरीचेही दहा 'सेगमेंट' पाडलेत, सहा-सहा सेकंदांचे. त्याला 'क्षण' म्हणायचा मोह होतो, पण आगीचा गोळा फेकणाऱ्या मंत्राला तीन सेगमेंट लागतात, म्हणजे अठरा सेकंद. तेवढ्यात जादूगाराला वार बसला तर मंत्र वाया. अठरा सेकंदांना 'तीन क्षण' कोण म्हणेल? 'सेगमेंट'च लिहा.