‘बॉयकॉट’ : आडनावाचे झालेले क्रियापद

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या गावात मजुरीच्या वादातून एका जमीनदाराच्या सोयाबीन काढणीला कोणीच गेले नाही, तेव्हा ‘त्यांना बॉयकॉट केले’ असे मुले म्हणू लागली. हा शब्द कोठला?

उत्तर : आपल्या गावातील प्रसंग या शब्दाच्या जन्मकथेच्या फार जवळचा आहे. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटने १८८० साली कुळांनी मागितलेली खंडाची सूट नाकारली आणि त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा मजूर, लोहार, दुकानदार अशा सर्वांनीच त्याच्याशी व्यवहार तोडला. अखेर सुमारे पन्नास माणसे बाहेरून आणून सैन्याच्या पहाऱ्यात त्याचे बटाटे आणि सलगम काढावे लागले. त्याच वर्षी हे आडनाव क्रियापद झाले.

इंग्रजीत हा शब्द स्वतःच क्रियापद आहे. मराठीत मात्र त्याला ‘करणे’ जोडावे लागते, आणि आपला ‘बहिष्कार’ एखाद्या गोष्टीवर ‘टाकला’ किंवा ‘घातला’ जातो. ‘वाळीत टाकणे’ यासाठी ‘बॉयकॉट’ वापरू नये, असे आम्हांस कळकळीने वाटते. कुटुंबाला रोटीबेटी व्यवहारांतून तोडणारी ती शिक्षा आहे आणि महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने तिला गुन्हा ठरवले आहे.