बीपीची गोळी चालू असताना गुडघ्यासाठी रोज कॉम्बिफ्लॅम: काय बिघडू शकतं?

तुमचा प्रश्न असा: वडील 62 वर्षांचे, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम आणून रोज एक-दोन घेतात, जेवल्यावर घेतली तर चालेल ना?

जेवणानं जळजळ कमी होते, अल्सर टळेलच असं नाही. या गोळीत आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल 325 मिग्रॅ असतं. आयबुप्रोफेन रक्तातून अंगभर प्रोस्टाग्लँडिनची (दुखणं-सूज आणणारी शरीरातलीच रसायनं) निर्मिती रोखतं. दुखणं त्यानेच थांबतं, पण जठराच्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही त्याच प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबून असतो. वयस्कर माणसाच्या जठरात कधीकधी काहीच न दुखता रक्तस्राव होतो.

मला खरी काळजी बीपीच्या गोळीची वाटते. तिची स्ट्रिप बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल असेल आणि सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (पुष्कळदा एकाच गोळीत असतं), तर आयबुप्रोफेन हे तिसरं औषध मूत्रपिंडाला भारी पडतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं सांगणारी रक्ततपासणी) वाढतं, पायांना सूज येते, बीपीही चढतं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हात पाणी कमी प्यायलं गेलं, तर हे दोन-चार दिवसांतही घडू शकतं. हृदयासाठी 75 मिग्रॅ ॲस्पिरिन चालू असेल तर आणखी एक घोळ: रोजचं आयबुप्रोफेन ॲस्पिरिनला प्लेटलेटवर (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी) काम करू देत नाही.

बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. थांबवायची ती कॉम्बिफ्लॅम. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावता येतं, ते रक्तात फार कमी उतरतं. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी लागलीच तर साधं पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशोबात धरा. नेहमी दारू घेत असतील किंवा यकृताचा त्रास असेल, तर मात्रा आधी विचारा.

पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डांबरासारखी काळी, चिकट शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा लघवी एकदम कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सगळ्या स्ट्रिप सोबत न्या.