फॅन, चाहता आणि ‘लागणे’

प्रश्न असा आला आहे: “स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या जुन्या फॅन मंडळींवर लेख लिहितो आहे. ‘चाहते’ लिहिलं की फिकं वाटतं, ‘भक्त’ लिहिलं की भलतंच वाटतं. पहिलंच वाक्य अडलंय: ‘स्टार ट्रेकच्या चाहत्यांचे त्या फ्रँचायझीवरील प्रेम अद्भुत आहे.’ फॅनला नेमका मराठी शब्द कोणता? शिवाय ते स्वतःला ‘ट्रेकी’ म्हणवतात, त्याचं काय करू?”

माझ्या मते वाक्य ‘चाहते’पाशी अडलेलं नाही, ‘प्रेम’पाशी अडलंय. पण आधी चाहत्यांना मोकळं करू.

‘चाहणे’ हे क्रियापद जुन्या मराठी कोशांत सापडतं, आजच्या बोलण्यात सापडत नाही. ‘मी ती मालिका चाहतो’ असं कुणी म्हणालं तर ते हिंदी सिनेमाचं भाषांतर वाटेल. क्रियापद गेलं आणि त्याचं ‘चाहता’ एवढं रूप नाम होऊन मागे राहिलं. मूळ आटलेला शब्द जसा होतो तसा तो झाला आहे: नीटनेटका, छापील, थोडा परका. या शब्दांची पारख करायची एक सोपी युक्ती सांगतो. शब्दापुढे आपोआप काय येतं ते पाहायचं. चाहत्यांची गर्दी होते, रसिकांची दाद मिळते, भक्तांची रांग लागते, दर्दी लोकांची बैठक जमते. चाहता म्हटला की मध्ये दोरखंड लावलेला असतो. पलीकडे नट, अलीकडे गर्दी. तुमच्या लेखातली माणसं दोरखंडाच्या अलीकडे थांबलेलीच नाहीत, म्हणून शब्द फिका वाटतो.

‘रसिक’ चांगला शब्द आहे, पण तो खुर्चीत बसून राहतो. ‘वेडा’ हा समासात शोभतो (नाटकवेडा, क्रिकेटवेडा), एकटा सोडला की शिवी होते. ‘भक्त’ आज उपहासाशिवाय उच्चारता येत नाही, तो सोडा. गंमत म्हणून सांगतो: इंग्रजी फॅन हा ‘फॅनॅटिक’चा तुकडा, आणि त्याच्या मुळाशी देवळाला असलेला लॅटिन शब्द आहे. आपल्या ‘भक्त’च्या मुळाशी ‘भज्’ धातू, ज्याचा एक अर्थ वाटून घेणे. भाग आणि विभक्त त्याच घरातले. म्हणजे मुळात भक्त हा वाटेकरी. तुमच्या मंडळींना हा अर्थ किती चपखल बसला असता! पण शब्द मुळावर चालत नाहीत, चलनावर चालतात.

राहिला ‘दर्दी’. तो मला सर्वांत जवळचा वाटतो. फारसी ‘दर्द’ म्हणजे वेदना; गाण्यातला दर्दी म्हणजे ज्याला सूर चुकला की दुखतं. आता क्लिंगॉनांच्या कपाळाची हकिगत पाहा. १९६६ साली सुरू झालेल्या पहिल्या मालिकेत या परग्रहवासी योद्ध्यांची कपाळं तुमच्याआमच्यासारखी सपाट होती. १९७९ चा चित्रपट आला आणि त्याच जमातीच्या कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. कारण उघड आहे: रंगभूषेला आता पैसा होता. सामान्य प्रेक्षक हे पाहून पुढे जातो. दर्दी विचारत राहतो की कपाळं बदलली कशी. १९९६ साली नंतरच्या एका स्टार ट्रेक मालिकेच्या भागात वॉर्फ या क्लिंगॉन पात्राला थेट हाच प्रश्न विचारला गेला. त्याचं उत्तर होतं, याबद्दल आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. लेखकांनी प्रेक्षकांना मारलेला तो डोळा होता. शेवटी २००५ साली दोन भाग खर्चून एक विषाणू आणला गेला आणि सपाट कपाळांचा खुलासा झाला. सव्वीस वर्षं एक कपाळ खुपत राहणं याला ‘चाहता’ पुरत नाही.

तरीही ‘दर्दी’ सगळीकडे चालणार नाही. तो शब्द जाणकाराचा आहे, आणि या मालिकेवर जीव टाकणाऱ्या प्रत्येकालाच कपाळाशी घेणंदेणं होतं असं नाही. मलाही नव्हतं. (मला पहिल्या मालिकेतल्या लोकप्रिय स्पॉकपेक्षा जहाजावरचा डॉक्टर मकॉय आवडतो, हे एकदाचं सांगून टाकतो. अशा माणसाचं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा.)

आता तुमच्या ‘प्रेमा’कडे येतो. ‘च्यावरील प्रेम’ ही रचना चुकीची नाही, पण ती प्रेम करणाऱ्याला कर्ता बनवते. तो उठतो आणि प्रेम करतो, काम केल्यासारखं. मराठी माणूस एरवी हे कसं सांगतो ते ऐका. गोडी लागते. नाद लागतो. वेड लागतं. लळा लागतो. सगळीकडे ‘लागणे’, आणि ज्याला लागतं तो ‘मला’, ‘त्याला’, ‘तिला’ असा चतुर्थीत, बाजूला उभा. कर्ता तो नाहीच, कर्ता लळा आहे. तहान लागते, ठेच लागते, उचकी लागते, त्यातलाच हा प्रकार. आपण काही केलेलं नसतं, आपल्याला झालेलं असतं. विभक्तीही पाहून ठेवा: प्रेम मालिके‘वर’, पण लळा आणि नाद मालिके‘चा’, वेड मालिके‘चं’. ‘मालिकेवर लळा’ कुणी म्हणत नाही.

यांतही छटा आहेत. वेड एकदम लागतं आणि ओसरतं. नाद लागला की घरचे तक्रार करतात. लळा मात्र सहवासाने लागतो, तान्ह्या मुलाचा किंवा मांजराचा लागावा तसा, आणि लागल्याचं आपल्याला उशिरा कळतं. दर आठवड्याला तीच सात-आठ माणसं, तेच जहाज, तोच दार सरकल्याचा आवाज. दशकानुदशकं चालणाऱ्या मालिकेचा लळाच लागू शकतो.

लागलेलं सुटत नाही तेव्हा काय होतं, याचा नमुना १९६७ च्या अखेरीस दिसला. दुसऱ्या वर्षानंतर एनबीसी वाहिनी मालिका बंद करणार अशी कुणकुण लागली (हेही ‘लागणे’च). बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. दहा जणांना लिहायला सांगा, त्या प्रत्येकाला आणखी दहांना सांगायला सांगा, असा त्यांचा हिशेब होता. पत्रांचा असा ओघ लागला की १ मार्च १९६८ रोजी भाग संपताच वाहिनीने पडद्यावरून जाहीर केलं: मालिका चालू राहणार आहे. पुढच्या हंगामात तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, पैसे कापले, आणि ३ जून १९६९ ला शेवटचा भाग दाखवून ७९ भागांवर गाशा गुंडाळला. मालिका सुटली, नाद सुटला नाही. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला या मंडळींचं पहिलं मोठं संमेलन भरलं. भरवणाऱ्यांनी काही शे लोक धरले होते, तीन हजारांवर आले. तेव्हा नवीन काहीच दाखवलं जात नव्हतं, फक्त जुन्या भागांची पुनःप्रक्षेपणं. १९७६ मध्ये पुन्हा पत्रांचा पाऊस पडला आणि अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ठरलेलं नाव बदलून मालिकेतल्या जहाजाचं, एंटरप्राइझचं नाव मिळालं. ते शटल हवेतल्या चाचण्यांसाठी बांधलं होतं आणि अंतराळात कधी गेलंच नाही, हा भाग वेगळा.

भावनेला नामच हवं असेल तर ‘जिव्हाळा’ घ्या. नख फार खोल कापलं की ज्या कोवळ्या मांसाला धक्का बसतो त्याला ‘जिव्हाळी’ म्हणतात. मर्मावर घाव बसला तर तो ‘जिव्हारी’ लागतो. जिव्हाळा, जिव्हाळी, जिव्हारी या सगळ्यांत जीव आहे, आणि सगळ्यांचा रोख अंगावरच्या अशा जागेकडे आहे जिथे स्पर्शही कळतो आणि टोचलेलंही कळतं. (पुन्हा पाहा, जिव्हारीही ‘लागतं’च.) स्पॉकचं काम करणारा नट लेनर्ड निमॉय याने १९७५ साली आत्मचरित्र लिहिलं आणि नाव ठेवलं ‘आय अॅम नॉट स्पॉक’. म्हणजे, मी स्पॉक नाही. आत मजकूर सौम्यच होता. नट आणि पात्र यांच्यातलं अंतर त्याने मोकळेपणाने मांडलं होतं. पण मंडळी मुखपृष्ठावरच अडली. आपल्या माणसाने ओळख नाकारावी तसं ते त्यांना जिव्हारी लागलं. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याने दुसरं आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘आय अॅम स्पॉक’. नटाला एक ‘नॉट’ मागे घ्यावा लागला. चाहत्याला असा शब्द लागत नाही. जिव्हाळा असलेल्यालाच लागतो.

आणखी एक उदाहरण, अटलांटिकच्या पलीकडचं. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ ही मालिका नोव्हेंबर १९६३ पासून चालू झाली. बीबीसीने साठच्या-सत्तरच्या दशकांत जुन्या टेप पुसल्या किंवा काढून टाकल्या, त्यात तिचे कितीतरी भाग गेले. चित्र गेलं, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. तो कुणी ठेवला? घरात टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डर चालू करणाऱ्या मुलांनी. पुन्हा पाहायची सोय नव्हती, म्हणून पुन्हा ऐकायची सोय त्यांनी स्वतः केली. याला ‘अद्भुत प्रेम’ म्हणू नका. अद्भुत म्हटलं की आश्चर्य वाचकाच्या वाट्याला येण्याआधीच लेखक खाऊन टाकतो.

‘फ्रँचायझी’ म्हटलं की मराठी वाचकाला आधी दुकानाची शाखा आठवते, मग क्रिकेटचा संघ. नुसतं ‘मालिका’ लिहावं तर १९६६ ची एक की सगळ्या मिळून, हा घोळ होतो. मी अशा वेळी ‘घराणं’ लिहितो: स्टार ट्रेकचं घराणं, त्यातली १९८७ ची मालिका, त्यातले चित्रपट. गाण्यातला शब्द आहे, पण मूळ चीज तीच, गायकी पिढीगणिक बदललेली, आणि खरी परंपरा कुणाची यावर भांडणं, हे सगळं इथे जसंच्या तसं लागू पडतं. तिथे कथेतल्या अधिकृत भागाला ‘कॅनन’ म्हणतात. त्याला ‘प्रमाण’ पुरे. ‘हे प्रमाण धरायचं का?’ या वाक्यात काही समजावून सांगावं लागत नाही. फॅन मंडळींच्या समूहाला ‘चाहतावर्ग’ लिहू नका, वर्ग जाहिरातवाल्यांचे असतात. ‘गोतावळा’ लिहा.

शेवटी ‘ट्रेकी’. हे संबोधन १९६७ च्या सुमाराचं. शेवटचा लाडाचा प्रत्यय काहींना हलका वाटला, आपल्याला पोरकट ठरवलं जातंय असं वाटलं, म्हणून त्यांनी स्वतःला ‘ट्रेकर’ म्हणवून घेतलं. मराठीत हा वाद आपोआप मिटतो. ‘ट्रेकर’ म्हटलं की आपल्याला पाठीवर सॅक आणि पायात बूट दिसतात, परग्रह दिसत नाहीत. तेव्हा ‘ट्रेकी’च ठेवा. ‘-करी’ लावून नवा शब्द घडवायचा मोह मलाही झाला होता, शेतकरी-वाटेकरीच्या चालीवर; पण ‘ट्रेककरी’ दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि कागद फाडला. चालवताना ‘सेलिब्रिटी’ डोळ्यांपुढे ठेवा. आपण सेलिब्रिट्या म्हणत नाही, तसंच ट्रेक्या नको. तो ट्रेकी, ती ट्रेकी, ते ट्रेकी, ट्रेकींना, ट्रेकींचा. पहिल्यांदा येईल तिथे अवतरण द्या, नंतर काढून टाका.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: “स्टार ट्रेकचा लळा लागलेली माणसं स्वतःला ‘ट्रेकी’ म्हणवतात.” एवढंच. पुढच्या वाक्यात सरळ पत्रांवर या.