घराभोवतालची उघडी जमीन कशाने झाकावी?

मृग जवळ आला की विभागीय कृषी कार्यालयात भातबियाण्याची आणि खताची चौकशी सुरू होते. यंदा तिच्या जोडीला घराभोवतालच्या उघड्या जमिनीबद्दलचे प्रश्नही आले. गोव्यातले तालुके वेगवेगळे, पण बहुतेकांचा रोख एकच: माती झाकेल, तण दाबेल आणि फार पाणी मागणार नाही असे काहीतरी सांगा. सगळ्या जागांना चालेल असे एकच झाड नाही, म्हणून जागेप्रमाणे उत्तरे देतो.

सत्तरी तालुक्यातील एक बागायतदार विचारतात: घर चढावर आहे. मागचा उतार दर पावसात धुपतो आणि लाल चिखल पायरीपर्यंत येतो. लॉन लावू का?

लॉन लावू नका. उतारावर ते कापणे जिकिरीचे, आणि पाऊस गेल्यापासून मेपर्यंत त्याला पाणी देता देता विहीर तळाला जाईल. तुमच्या जागेसाठी माझी पहिली पसंती पिवळ्या फुलांच्या पसरणाऱ्या भुईमुगाला. नर्सरीत तो ‘पिंटो पीनट’ म्हणून मिळतो. शेंगांची अपेक्षा ठेवू नका, तो पसरण्यासाठीच लावायचा. मूळचा ब्राझीलचा, १९५४ साली पिंटो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथे तो गोळा केला, त्यावरून हे नाव पडले. काजूही तिकडचाच, तेव्हा आपल्या मोरोड, म्हणजे चढावरच्या जमिनीत हा भुईमूगही रमला यात नवल नाही. जांभ्याच्या आंबट मातीत चांगला वाढतो, त्यामुळे चुना घालायची गरज नाही. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून युरियाही नको. सुरुवातीला चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेले शेणखत मातीत मिसळले की पुरे.

मात्र आधी उतार किती उभा आहे ते पाहा. हाताचा आधार घेतल्याशिवाय चढता येत नसेल तर नुसत्या भुईमुगावर भिस्त ठेवू नका; त्याची बहुतेक मुळे वरच्या थरातच असतात. तिथे उताराला आडव्या ओळींत वाळा लावा, दोन रोपांत १० ते १५ सें.मी. अंतर ठेवून. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. दोन ओळींमधली जागा भुईमुगाला द्या. आणि डोंगर कापलेली बाजू भिंतीसारखी सरळ असेल तर तो प्रश्न माझा नाही, इंजिनिअरचा आहे.

लावणीच्या वेळेबाबत बरेच जण घाई करतात. सपाट जागेवर मृगाच्या सरी पडताच लावले तरी चालते, पण उतारावरचे कोवळे फाटे (लावणीसाठी कापलेले वेलीचे तुकडे) जुलैच्या पावसात टिकत नाहीत. तिथे चतुर्थीच्या सुमारास, पाऊस ओसरू लागल्यावर लावा. तोपर्यंतही उतार उघडा ठेवायचा नाही. माडाच्या झावळ्या आडव्या पसरून बांबूच्या खुंट्यांनी रोवा, किंवा काथ्याची जाळी अंथरा. जाळी दोन-तीन वर्षांत कुजून जाते. तेवढ्या काळात मुळे माती धरतात.

फाटे सकाळी कापा, वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे. खालच्या दोन पेरांची पाने खुडून ती पेरे मातीत जाऊ द्या. नंतर बोटांनी माती घट्ट दाबा. हलके ओढल्यावर फाटा निसटला तर आत पोकळी राहिली आहे असे समजा आणि पुन्हा दाबा. ओळी उताराला आडव्या ठेवा आणि खालच्या ओळीतला फाटा वरच्या दोघांच्या मधोमध येऊ द्या, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. २५ सें.मी. अंतराने चौरस मीटरला १६ फाटे लागतात. पाच बाय चार मीटरच्या तुकड्याला ३२० झाले. एवढे विकत कशाला घ्यायचे? दहा-बारा पिशव्या आणा, सपाट वाफ्यात वाढवा आणि पुढच्या वर्षी त्याचेच फाटे कापा.

खरे काम यानंतर आहे. पहिल्या वर्षी वेल विरळ असते आणि मधल्या मोकळ्या जागेत तण माजते. टाकळा उपटून भाजीला न्यावा. लव्हाळा मात्र ओढू नका, पात तुटून हातात येते आणि गाठ खालीच राहते. लावणीपूर्वी जमीन १५ ते २० सें.मी. खणून त्या गाठी वेचा. पंधरा दिवस थांबा, पुन्हा कोंब दिसले की पुन्हा खणा. एवढे केल्याशिवाय लावणी करू नका, कारण वेलीत शिरलेला लव्हाळा नंतर काढणे जवळपास अशक्य. वेलीने जमीन पूर्ण झाकली की खुरपणी बरीच कमी होते.

पाऊस थांबल्यावर पहिला महिना एक दिवसाआड पाणी, मग आठवड्यातून दोनदा. एप्रिल-मेमध्ये भर उन्हातला भुईमूग करपल्यासारखा दिसेल. घाबरून उपटू नका, पहिल्या पावसाबरोबर फुटतो. आणखी एक: गुरांना हा पाला फार आवडतो. कुंपण नसेल तर सगळी मेहनत शेजारच्या गाईच्या पोटात जाईल.

बार्देशातील एक भगिनी: नवीन घराभोवती हाच भुईमूग लावला. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत वाढवू का?

खत वाढवू नका. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे लोहाच्या कमतरतेची आहेत, आणि नव्या घराभोवती याचे कारण बहुधा सिमेंट असते. बांधकामाचा राडारोडा तिथेच पसरून वर लाल मातीचा पातळ थर दिला जातो. सिमेंटातल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि तिच्यातले लोह मुळांना घेता येत नाही. कुदळीने एक-दोन ठिकाणी खणून पाहा. प्लास्टरचे तुकडे निघाले तर वरचा वीतभर थर काढून चांगली माती आणि शेणखत भरा. तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा. फवारा भिंतीवर किंवा फरशीवर उडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात. मातीचा नमुना जवळच्या कृषी कार्यालयात द्यायला विसरू नका.

फोंड्याहून: डेझीसारख्या पिवळ्या फुलांची वेल फुकट मिळते आणि झपाट्याने वाढते. ती का नको?

झपाट्याने वाढते म्हणूनच नको. ही वेडेलिया. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. छाटलेला एक तुकडा व्हाळात (ओढ्यात) गेला की खालच्या वाडीपर्यंत पोचतो आणि काठावरची आपली झाडे दडपून टाकतो. असेल तर मुळासकट काढा, सिमेंटच्या गच्चीवर कडक उन्हात पूर्ण सुकेपर्यंत वाळवा. कंपोस्टात किंवा रस्त्याकडेला टाकू नका.

डिचोलीहून: आंब्या-फणसाखाली काहीच जगत नाही. काय लावावे?

काहीच न लावणे हाही पर्याय आहे. फणसाचा पाला बारीक पानांच्या वेलीवर पडला की ती गुदमरते, आणि तुम्ही रोज पाला वेचत बसाल. पडलेला पाला तिथेच राहू दिला तर माती झाकली जाते, ओल टिकते. शोभा हवीच असेल तर सावलीत तग धरणारी, जरा उंच वाढणारी रोहिओ किंवा जांभळट पानांची हेमिग्राफिस लावा. ओलसर कोपरा असेल तर एकपानी (मंडूकपर्णी); चटणीलाही उपयोगी पडते. रोहिओच्या रसाने कातडीला खाज सुटते, लहान मुले खेळतात तिथे ती नको. कोणतेही झाड लावा, पण बुंध्याभोवती दोन फूट जागा मोकळी सोडा. तुळशीसमोरचे अंगणही मोकळेच ठेवा. सोले (आमसुले) आणि मिरच्या कुठे वाळवणार?

केप्याहून दोन पत्रे, एकच भीती: दाट वेलीत साप येतील का?

गुडघाभर वाढू दिली तर येतील. जोत्याला लागून अडीच-तीन फुटांची पट्टी खडी टाकून मोकळी ठेवा. भिंतीची ओल आणि वाळवीही त्यामुळे नजरेत राहते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंची वेल चार बोटांवर छाटा. पण खरे सांगायचे तर फुरशाला आवडणारी जागा म्हणजे परसात रचून ठेवलेले उरलेले चिरे आणि सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग. आधी ते हलवा.

दाट वेलीत पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकी गोगलगायी मात्र नक्की लपतात. तिन्हीसांजेला ओले पोते पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. दुकानात मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात कुत्रा असेल तर वापरू नका.

मोरजीहून: वाळूत काय टिकेल?

खाऱ्या वाऱ्यात आणि वाळूत भुईमुगाच्या नादी लागू नका. किनाऱ्याच्या बाजूला मर्यादवेल. दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची, वाळू धरून ठेवणारी आपलीच वेल. जिथे पाय पडतात तिथे जलपिंपळी, तिला थोडे मीठही चालते आणि कापणीही. दोन्हींचे फाटे पावसाच्या सुरुवातीला वाळूत आडवे गाडा, फक्त टोके बाहेर. फाटे समुद्रकाठच्या टेकाडांवरून मात्र आणू नका. तिथली वेल वाळू बांधून ठेवते, आणि त्याच किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात. ओळखीच्या कुणाच्या कुंपणावर असेल तर तिथून चार फाटे मागून घ्या.