वडिलांना शुगर नाही, फक्त बीपी आहे. मग डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की वडील ५४ वर्षांचे, परभणीजवळच्या गावी असतात, बीपीची गोळी चालू आहे, उपाशीपोटी शुगर १०४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०. आता इन्सुलिनची वेगळी टेस्ट करावी का?

मी लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मला विचाराल तर तो खर्च आत्ता नको. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्याचा अंदाज हाताशी असलेल्या रिपोर्टवरूनच येतो. शुगर आणि ट्रायग्लिसराइड्सचा गुणाकार करा, त्याची निमपट करा आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 'एलएन'चं बटण दाबा. ९.३ येईल. हाच टीवायजी इंडेक्स. शुगर ८५ आणि ट्रायग्लिसराइड्स १०० असते तर ८.३५ आला असता. सगळ्यांना लागू पडेल अशी एक रेषा ठरलेली नाही, पण बीपीच्या पेशंटमध्ये हा आकडा वर तसा हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय कमी पडण्याचा, धोका जास्त, असं अभ्यासांत दिसलंय. आणि १०४ला नॉर्मल समजू नका. १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी.

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. जास्तीच्या इन्सुलिनमुळे किडनी मीठ धरून ठेवते, मिठामागे पाणी येतं, दाब चढतो. वर्षानुवर्षं त्या दाबाशी झगडून हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते. असं हृदय आकुंचन पावतं, पण सैल पडून नीट भरत नाही. म्हणूनच इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल येऊनही माणसाला दम लागतो.

एक मात्र तपासा. 'उपाशीच आलोय, नुसता चहा घेतला' हे मी रोज ऐकतो. साखरेच्या चहानं किंवा आदल्या रात्रीच्या पंगतीनं हे आकडे फुगतात. दहा-बारा तास पाण्याशिवाय काही न घेता परत रक्त द्या.

इको करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. बीपी बहुतेकांचं १३०/८०च्या खाली हवं, पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत. भाकरीसोबतचा खर्डा, लोणचं, पापड कमी करा. आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कृपा करून थांबवा. त्यांनी बीपी वाढतं, अंगात पाणी साठतं.

आडवं झाल्यावर दम लागला, घोट्यावर बोट दाबून खळगा पडला किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.